घरचं कर्ज फेडायला बसताना: एक वही, एक यादी आणि पहिले बारा महिने

पगार सात तारखेला येतो आणि पंधरा तारखेपर्यंत संपतो. मग कार्ड घासायचं, किराणा उधारीवर आणायचा, भिशी लवकर उचलायची, दागिना गहाण टाकायचा. बहुतेक घरांत कर्ज असंच साचतं, थोडंथोडं आणि पाच-सहा ठिकाणी. ते फेडण्याची रीत इथे क्रमाने दिली आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: चार माणसांचं भाड्याच्या घरातलं कुटुंब, दोघांचा मिळून हातात येणारा पगार ४६,००० रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील, पण आकडेमोड अशीच होईल.

बसण्याआधी काय जमवायचं

- सगळ्या बँक खात्यांचे मागच्या तीन महिन्यांचे खातेउतारे किंवा भरलेलं पासबुक
- प्रत्येक कर्जाचं मंजुरीपत्र आणि हप्त्यांचं वेळापत्रक (हरवलं असेल तर शाखेतून किंवा अॅपवरून नवीन मिळतं)
- क्रेडिट कार्डाची मागची तीन बिलं, पूर्ण पानांसकट
- सोनेतारणाची पावती आणि तिच्यावरची मुदत
- पतसंस्थेचं पासबुक आणि जामीनदारांची नावं
- भिशीची डायरी, किराण्याची उधारीची वही, हातउसन्या पैशांची यादी
- दोनशे पानी वही आणि पेन

मोबाइलवरची खर्चाची अॅपं चांगली असतात, पण वापरतो एकटाच माणूस. वही ओट्याजवळ राहते, घरातला कुणीही तीत लिहू शकतो. म्हणून वहीच घ्या.

१. सगळी देणी एका पानावर उतरवा

पाच रकाने आखा: कुणाचं, आज शिल्लक किती, व्याज किती, महिन्याला किती जातात, चुकलं तर काय होईल. शेवटचा रकाना बहुतेक जण आखत नाहीत, आणि नेमका तोच पुढे उपयोगी पडतो.

आपल्या उदाहरणातलं पान असं:

- क्रेडिट कार्ड: ६०,००० शिल्लक, महिना ३.५ टक्के, किमान भरणा ३,०००
- वैयक्तिक कर्ज: १,४०,०००, वर्षाला १६ टक्के, हप्ता ६,२००
- पतसंस्था: ५०,०००, १४ टक्के, हप्ता २,४००, दोन जामीनदार
- सोनेतारण: ८०,०००, ११ टक्के, महिन्याचं व्याज साधारण ७३३
- मोबाइलचा हप्ता: १,५००, अजून सहा बाकी
- भावाकडून हातउसने: ४०,०००, व्याज नाही
- किराणा उधारी: ६,५००

एकूण ३,८५,५००, आणि दर महिन्याला ठरलेले १३,८३३ रुपये घराबाहेर जातात.

नवरा-बायकोपैकी एकाने घेतलेलं कर्ज दुसऱ्याला माहीत नसतं, असं पुष्कळ घरांत असतं. ते याच बैठकीत पानावर आलं पाहिजे. एक जरी देणं लपलं, तरी चौथ्या महिन्यात हिशोब मोडतो आणि कारण सापडत नाही. त्या दिवशी भांडायचं नाही, फक्त लिहायचं, एवढं आधीच ठरवून बसा.

काही विसरलं आहे का ते पाहायला क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. पॅन क्रमांक आणि मोबाइलवरचा ओटीपी लागतो. संकेतस्थळावर पैसे मागणारी योजना पुढे येते, ती घ्यायची गरज नाही. तुम्ही न घेतलेलं कर्ज अहवालात दिसलं, तर तिथेच हरकत नोंदवा.

२. व्याजाचा खरा दर काढा

फसगत होते ती इथे. प्रत्येक जण दर वेगळ्या भाषेत सांगतो.

सावकार किंवा ओळखीचा माणूस "शेकडा तीन" म्हणतो. ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के.

दुकानदार, फायनान्सवाले आणि काही पतसंस्था "सरळ १२ टक्के" सांगतात. म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागतं. एक लाख, दोन वर्षं, सरळ १२ टक्के, तर हप्ता ५,१६७ येतो. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून विचारताना "घटत्या शिलकीवर किती?" एवढंच विचारा.

कार्डाचं गणित सगळ्यात जड. ६०,००० वर ३.५ टक्के म्हणजे २,१०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, मिळून २,४७८. तुम्ही किमान भरणा ३,००० केलात, तर मुद्दलातून कमी झाले ५२२ रुपये. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज खरेदीच्या दिवसापासूनच चढतं. म्हणून यादी झाली त्याच दिवशी कार्ड वापरायचं बंद करा. ऑनलाइन दुकानांत आणि अॅपांत साठवलेला कार्ड क्रमांक काढून टाका, त्यावरची आपोआप कापली जाणारी वर्गणी थांबवा. फक्त कपाटात ठेवून भागत नाही.

३. महिनाभर लिहा, मग अंदाजपत्रक करा

पहिल्या महिन्यात काटकसर करू नका, फक्त लिहा. दहा रुपयांचा चहासुद्धा. यूपीआयने दिलेले पैसे लक्षात राहत नाहीत, म्हणून रोज रात्री मोबाइलमधली यादी उघडून वहीत उतरवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण आठवड्यावर ढकललं तर होत नाही.

महिना संपला की बेरीज करा आणि पुढच्या महिन्याची रक्कम आधी ठरवा. आपल्या कुटुंबाची यादी अशी बसते: भाडं ८,०००, किराणा ६,५००, दूध-भाजी ४,२००, गॅस ९००, वीज १,०००, पेट्रोल-बस २,०००, शाळा-शिकवणी २,०००, रिचार्ज ६००, औषधं ५००, वर्षाच्या खर्चाचा डबा २,०००, किरकोळ ८००. एकूण २८,५००. हप्त्यांचे १३,८३३ धरले तर ४६,००० मधून साधारण ३,६०० उरतात. हेच ३,६०० पुढची सगळी कामं करणार आहेत. ते महिन्याअखेरी उरतील म्हणून थांबू नका, पगार झाल्या दिवशीच बाजूला काढा.

दोन खाती ठेवा. पगार येतो आणि हप्ते जातात त्या खात्याला यूपीआय जोडलेलं नको. घरखर्चाचं खातं वेगळं, त्यात दर सोमवारी आठवड्याची रक्कम टाका. शनिवारी खातं रिकामं दिसलं की हात आपोआप आखडतो.

हप्त्याची तारीख पगाराच्या आधी असेल तर ती बदलून मागा. पाच तारखेचा हप्ता आणि सात तारखेचा पगार, तर दर महिन्याला परत गेलेल्या हप्त्याचा दंड बँकही घेते आणि कर्ज देणारेही घेतात. एक अर्ज केला की बहुतेक ठिकाणी तारीख सरकवून मिळते.

४. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाचा डबा

फेडायला घेतलेली घरं पुन्हा कर्जात जातात ती रोजच्या चहामुळे नाही. जूनची फी, गणपती, दिवाळी, गाडीचा विमा, लग्नाचा आहेर हे खर्च ठरलेले असूनही दर वर्षी अचानक आल्यासारखे अंगावर येतात आणि कार्ड पुन्हा बाहेर निघतं.

बारा महिन्यांची यादी करा. शाळा, वह्या-पुस्तकं, गणवेश ९,०००. गणपती ३,०००. दिवाळी ५,५००. आहेर-लग्नकार्य ३,५००. दुचाकीचा विमा १,५००. गाडीची दुरुस्ती १,५००. एकूण २४,०००, म्हणजे महिन्याला २,०००. ही रक्कम वेगळ्या खात्यात टाका. कर्ज लवकर फिटावं म्हणून हे दोन हजारही हप्त्यात घालायचा मोह होतो. तसं करू नका, जूनमध्ये तेच पैसे कार्डावर, म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांनी, परत घ्यावे लागतात.

आहेराची रक्कम दोघांनी मिळून आधीच ठरवा: जवळच्यांना एवढा, लांबच्यांना एवढा. मांडवात उभं राहून ठरवली की ती नेहमी वाढते. सण घरात साजरा करण्यात काही कमीपणा नाही. चिवडा, चकली, शंकरपाळे घरी केले तर विकतच्या फराळापेक्षा बरेच स्वस्त पडतात. मुलांनाही कामाला घ्या.

आजारपणाचा वेगळा विचार हवा, कारण दवाखान्याचं एक बिल दोन वर्षांची फेड पुसून टाकतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार अंगीकृत रुग्णालयांत मिळतात. शिधापत्रिकेवर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का, ती आधारशी जुळतात का, हे आजच पाहा. दाखल व्हायची वेळ आल्यावर तिथेच अडतं. कमावत्या माणसासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देतो आणि जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा देतो. नंतरच्या योजनेत ५० वर्षं वयापर्यंत शिरता येतं. कर्ज असलेल्या घराने हे दोन्ही घ्यावेतच.

५. काटकसर कुठे करायची

चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण एवढं पुरतं: गहू १३-१४ किलो, तांदूळ ८-१० किलो, तूरडाळ अडीच किलो, बाकी डाळी-कडधान्यं अडीच किलो, तेल ३ ते साडेतीन लिटर, साखर अडीच-तीन किलो, शेंगदाणे दीड किलो, चहा अर्धा किलो. ज्वारी-बाजरीच्या भाकरी जास्त होत असतील तर गहू तेवढा कमी. तेल पाच लिटर लागत असेल तर तळणाचे वार मोजा.

उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून ठेवायची पद्धत चांगली आहे, पण कर्ज काढून किंवा कार्डावर भरलेलं धान्य स्वस्त राहत नाही. पहिलं वर्ष दर महिन्याला घ्या. कार्ड फिटलं की पुढच्या एप्रिलमध्ये रोखीने भरा.

उधारीची वही असलेल्या दुकानात भाव करता येत नाही, आणि वजनातली घट बोलून दाखवायलाही अवघड जातं. हे छोटं देणं आधी फेडायचं ते याचसाठी.

भाजी आठवड्याच्या बाजारात, उतरत्या वेळेला. पालेभाजी त्याच दिवशी निवडून कापडात गुंडाळा, पहिल्या दोन दिवसांत संपवा. दुधी, भोपळा, कोबी मागाहून. आठवड्यातले दोन दिवस मोड आलेल्या कडधान्याच्या उसळीचे ठरवून टाका, भाजीचा खर्च दिसण्याइतका उतरतो. दूध, अंडी, मुलांची फळं यांत मात्र कात्री लावू नका. वाचतं थोडं, आणि घरातला उत्साह दुसऱ्याच महिन्यात जातो.

शिधापत्रिका प्राधान्य कुटुंबाची असेल तर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं, चौघांना २० किलो. ई-केवायसी राहिल्यामुळे नाव अडकलेलं असेल तर रेशन दुकानात जाऊन ती पूर्ण करा.

डबा, पाण्याची बाटली, बसचा मासिक पास, न वापरलेल्या वर्गण्या, दोनऐवजी एकच रिचार्ज. यांत सांगण्यासारखं फार नाही, करून टाका.

भिशी चालू असेल ती पूर्ण करा, नवीन धरू नका. लिलावाची भिशी लवकर उचलणं हे कर्जच आहे. आपण सोडून दिलेली रक्कम म्हणजे त्याचं व्याज.

६. कोणतं आधी फेडायचं

ठरलेले हप्ते आणि किमान भरणा सगळ्यांचा चालूच राहील. प्रश्न वरच्या ३,६०० चा आहे. नियम असा: ज्याचं व्याज सगळ्यात जास्त, सगळी वरची रक्कम त्यालाच. पाच ठिकाणी सातशे-सातशे वाटलेत तर एकही फिटत नाही.

याला एक अपवाद. एक-दोन महिन्यांत संपणारं छोटं देणं असेल तर ते आधी उडवा. आपल्या उदाहरणात पहिल्या दोन महिन्यांचे ७,२०० किराणा उधारीला. ६,५०० फिटले, ७०० अडीनडीच्या पैशात. तिसऱ्या महिन्यापासून कार्डाला ३,००० अधिक ३,६०० म्हणजे ६,६००. कार्डाचं बिल किमान भरणा कमी करत जाईल, पण तुम्ही ६,६०० च भरत राहा. सहा महिन्यांनी मोबाइलचा हप्ता संपतो, ते १,५००ही इकडेच वळवा, म्हणजे ८,१००. असं केलं तर बाराव्या महिन्यात कार्ड शून्यावर येतं. तोवर व्याज आणि कर मिळून साधारण १९,६०० गेलेले असतात.

बाराव्या महिन्याला वैयक्तिक कर्ज ८४,००० च्या आसपास उरतं. आता ६,२०० अधिक ८,१००, म्हणजे १४,३०० तिकडे. एकोणिसाव्या महिन्यात तेही संपतं. मग पतसंस्थेचे राहिलेले पाच हप्ते, सोनं आणि भाऊ. अडीच वर्षांच्या आत पान कोरं होतं. हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: संपलेल्या हप्त्याचे पैसे घरखर्चात विरघळू द्यायचे नाहीत. मोबाइलचा हप्ता संपल्या महिन्यातच नवा मोबाइल आला, तर गणित तिथेच थांबतं.

आता तो "चुकलं तर काय होईल" हा रकाना पाहा. पतसंस्थेचा दर कार्डापेक्षा कमी आहे, पण तिथला हप्ता थकला तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याने जामीनदारांच्या मागे तगादा लागतो, त्यांच्या पगारातून कपात होऊ शकते. ज्यांनी विश्वासाने सही केली त्यांच्यावर ही वेळ आणू नका. हा हप्ता कुठल्याही महिन्यात चुकवायचा नाही. सोन्याचं दुखणं वेगळं: मुदत बहुधा वर्षाची असते. नुसतं व्याज भरत राहिलात आणि मुदतीला नूतनीकरण विसरलात, तर नोटीस येऊन दागिना लिलावात जातो. मुदतीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.

भावाला आजच सांगा की अमुक महिन्यापासून परत द्यायला लागेन. तारीख कळली की माणूस थांबतो. न सांगता थांबायला लावलं तर नातं खराब होतं.

७. महाग कर्ज स्वस्तात बदलता येतं का

आधी घरात पाहा. साडेसहा-सात टक्क्यांची आवर्ती ठेव चालू आणि कार्डावर ४२ टक्के, असं असेल तर ठेव मोडा. फक्त दहा-पंधरा हजार अडीनडीला राहू द्या.

कार्डाची बाकी बँकेकडून हप्त्यांत बदलून घेता येते. दर १६ टक्के मिळाला तर ६०,००० वर पहिल्या महिन्याचं व्याज-कर २,४७८ ऐवजी साडेनऊशेच्या आसपास येतं. प्रक्रिया शुल्क आणि आधी फेडल्याचा दंड विचारून घ्या. महिला बचत गटात असाल तर गटाचं अंतर्गत कर्जही कार्डापेक्षा स्वस्त पडतं. घरात गहाण न टाकलेलं थोडं सोनं असेल तर तोही मार्ग आहे, पण त्या पैशाने कार्ड त्याच दिवशी फेडायचं आणि बंद करायचं. बदललेलं कर्ज आणि पुन्हा भरलेलं कार्ड, अशी दोन्ही ओझी डोक्यावर आलेली घरं पुष्कळ आहेत.

जास्त प्रीमियमच्या बचत विमा पॉलिसी हप्ते भरून आवाक्याबाहेर गेल्या असतील तर एकदम मोडू नका. आधी विमा कार्यालयात "पेड-अप" मूल्य (पुढचे हप्ते थांबवले तर पॉलिसीत टिकून राहणारी रक्कम) आणि पॉलिसीवरच्या कर्जाचा दर लेखी मागा.

गृहकर्ज असेल तर ते सगळ्यात शेवटी. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, त्यामुळे घाई नसते. स्थिर दराच्या वैयक्तिक कर्जावर मात्र तो बहुतेक ठिकाणी असतो. मंजुरीपत्रात पाहून मगच जादा भरणा करा, आणि जादा रक्कम मुद्दलात जमा झाल्याचं लेखी घ्या. नाहीतर ती पुढचा हप्ता म्हणून नुसती पडून राहते.

पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अॅपांपासून लांब राहा. संपर्क-यादी आणि फोटो पाहण्याची परवानगी मागणारं, कुठल्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं कर्ज आहे ते न सांगणारं अॅप लगेच काढून टाका. धमक्या सुरू झाल्या तर १९३० वर तक्रार करा.

८. हप्ता चुकणार असेल तर

तारखेच्या आधी शाखेत जा, नंतर नाही. मुदत वाढवून हप्ता कमी करायचा अर्ज लेखी द्या, पोचपावती घ्या. १ एप्रिल २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांना दंड व्याज म्हणून मुद्दलात मिळवता येत नाही, तो वेगळा आकारावा लागतो. तुमच्या उताऱ्यात काय आहे ते पाहा.

वसुलीचे लोक सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, नातेवाइकांना धमकावू शकत नाहीत. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पतसंस्था लोकपालाच्या कक्षेत येत नाही, तिची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायची.

सावकाराचं कर्ज असेल तर परवाना क्रमांक विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि अशा सावकाराने बळकावलेली जमीन परत मागण्याचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो. कोऱ्या धनादेशावर, कोऱ्या मुद्रांकावर सही देऊ नका.

"अर्धे भरा, खातं मिटवतो" असा फोन आला तर नीट विचार करा. तडजोडीचं खातं अहवालात "सेटल्ड" असं दिसतं, पूर्ण फिटलेलं नाही, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी ते आडवं येतं. दुसरा मार्गच नसेल तर आधी बँकेच्या पत्रकावर लेखी घ्या, मग बँकेच्याच खात्यात भरा. वसुलीवाल्याच्या खात्यात किंवा हातात एक रुपयाही नाही.

९. फिटल्यावर कागद गोळा करा

शेवटचा हप्ता गेला म्हणजे काम संपलं नाही. हे सगळं घ्या:

- बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं नसल्याचं पत्र, सही-शिक्क्यासह
- शून्य शिल्लक दाखवणारा खातेउतारा
- दिलेले कोरे किंवा पुढच्या तारखांचे धनादेश परत
- खात्यातून आपोआप कापण्याची परवानगी रद्द झाल्याची खात्री
- पतसंस्थेकडून जामीनदार मुक्त झाल्याचं पत्र, त्याची एक प्रत जामीनदारांना
- गाडी असेल तर फॉर्म ३५ आणि ना-हरकत, मग आरटीओत जाऊन नोंदणी पुस्तकावरचा बोजा उतरवणं
- शेतजमीन तारण असेल तर सातबाऱ्यावरचा बोजा कमी करण्याचा तलाठ्याकडे अर्ज
- घराचे मूळ कागद. बँकेने ते पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत द्यायचे असतात, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे

सोनं सोडवताना पावतीवरचं वजन आणि नगांची संख्या काउंटरवरच ताडून पाहा, बाहेर पडल्यावर तक्रार चालत नाही. दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल पुन्हा काढा आणि खातं "बंद" दिसतंय का ते बघा. नसेल तर बेबाकी दाखला जोडून तिथेच हरकत नोंदवा.